बंद कप्प्यातल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आवाज न करणारा फॅन: आधी मोजा, मग वाट करा, मगच फॅन घ्या

टीव्हीखालच्या कपाटात राउटर, सेट टॉप बॉक्स, ॲम्प्लिफायर, गेमिंग कन्सोल सगळं एकावर एक कोंबलेलं असतं, पुढून दार बंद, मागून प्लाय बंद. मग कधीतरी लक्षात येतं की आत भट्टी झालीये आणि घाईघाईत एक फॅन मागवला जातो, बॉक्सवर ‘सायलेंट’ लिहिलेला. पुढे दोनपैकी एक होतं. एकतर रात्री त्याची घरघर नकोशी होते म्हणून तो काढून ठेवला जातो, नाहीतर तो बिचारा फिरत राहतो पण आतलं तापमान जागचं हलत नाही. दोन्ही वेळा शिव्या फॅनला पडतात, पण चूक बहुतेक वेळा क्रमाची असते, कारण फॅन ही या कामातली पहिली नाही, तिसरी-चौथी गोष्ट आहे.

शांत फॅन म्हणजे काही वेगळ्या जातीचा फॅन नसतो. मोठा फॅन, हळू फिरवलेला, हवेला मोकळी वाट दिलेली आणि लाकडापासून सुटा बसवलेला, एवढं जमलं की आवाज आपोआप जातो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, मधली उडी मारू नका.

पायरी १: आत किती तापतंय ते मोजा

वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. सेन्सर कप्प्याच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात लटकवा, कुठल्याही डब्याला चिकटवू नका आणि कुठल्या डब्याच्या गरम हवेच्या झोतातही ठेवू नका. दार लावा, रोज जे जे चालू असतं ते सगळं चालू करा आणि दोन तास जाऊ द्या, कारण लाकडी कपाट सावकाश तापतं आणि अर्ध्या तासातला आकडा हमखास कमी दिसतो. त्याच वेळी खोलीचं तापमानही लिहून ठेवा. आपल्याला नुसता आतला आकडा नकोय, आत आणि खोलीत फरक किती तो हवाय.

घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिकेत आसपासची हवा किती गरम चालेल ते दिलेलं असतं, बऱ्याचदा ३५ किंवा ४० अंश सेल्सिअसपर्यंत. आता खोली ३० अंशाला असेल आणि कप्पा ४८ ला, तर हे उपकरण रोज मर्यादेच्या बाहेर चालतंय हे उघड आहे. याचा फटका लगेच दिसत नाही म्हणून लोक मनावर घेत नाहीत. पण आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या (सर्किटमधला वीज साठवणारा छोटा भाग) बाबतीत ढोबळ नियम असा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि बंद कप्प्यातले ॲडॉप्टर नि बॉक्स दोन-तीन वर्षांत मान टाकतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

लक्ष्य काय ठेवायचं? आतली हवा खोलीपेक्षा ८ ते १० अंशांहून जास्त गरम नको. खोलीपेक्षा थंड ती होणारच नाही, फॅन फक्त आतली हवा बदलतो, एसीचं काम तो करत नाही.

नेहमीची चूक: डब्यावर हात ठेवून ‘बापरे केवढं गरम’ ठरवणं. धातूचं झाकण आणि प्लास्टिकचं झाकण एकाच तापमानाला असलं तरी हाताला धातू जास्त गरम लागतो. तसंच उपकरणाच्या ॲपमध्ये दिसणारं ७० अंश हे आतल्या चिपचं असतं, ते बऱ्याच वेळा नॉर्मल असतं, त्यावरून कप्प्याच्या हवेचा अंदाज बांधू नका.

आता वॅट. आत जेवढी वीज जाते ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, त्यामुळे वॅट कळले की उष्णता कळली. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मिळालं तर उत्तम, सगळा एक्स्टेंशन बोर्डच त्यावर लावून एकदम आकडा घ्या. नाही मिळालं तर अंदाज: राउटर ८ ते १५ वॅट, सेट टॉप बॉक्स १० ते २०, होम थिएटरचा ॲम्प्लिफायर आवाज कमी ठेवला तरी ५० च्या पुढे, मोठा गेमिंग कन्सोल जड गेम चालू असताना १५० ते २००. ॲडॉप्टरवर छापलेला आकडा हा कमाल असतो, प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून बराच कमी जातो, त्यामुळे सगळ्या लेबलांची बेरीज करून घाबरून जाऊ नका. आणि हो, ॲडॉप्टर स्वतः कप्प्यात पडलेले असतील तर तेही तापतात, जमलं तर आधी त्यांना बाहेर काढा, फुकटात काम होतं.

पुढे जाण्याआधी तपासा: दार उघडं ठेवून तासाभराने पुन्हा मोजा. मग दार लावून मागचं पॅनल काढून मोजा. नुसत्या मागच्या पॅनलने फरक ५-६ अंशांवर येत असेल तर तुम्हाला फॅनची गरजच नाही, पॅनल काढा किंवा त्याला मोठी खिडकी पाडा आणि विषय संपवा. सगळ्यात शांत फॅन म्हणजे न लावलेला फॅन, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

पायरी २: हवेला आत यायला आणि बाहेर जायला वाट करा

इथे सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फॅन हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा आत यायला हवी. आत यायला जागाच नसेल तर फॅन पूर्ण स्पीडने फिरेल, आवाज करेल आणि हवा जवळजवळ हलणार नाही, तोंड दाबून धरलेल्या बाटलीतून स्ट्रॉने ओढल्यासारखं. कप्प्याच्या आत नुसता ठेवलेला फॅन तर त्याहून वाईट, तो तीच गरम हवा गोल गोल फिरवतो.

हवा आत घ्यायची खालून आणि बाहेर काढायची वरून, शक्यतो समोरासमोरच्या कोपऱ्यातून, म्हणजे खाली डावीकडून आत आली तर वर उजवीकडून बाहेर. गरम हवा तशीही वर जाते, फॅनने तिला मदत करायची, तिच्याशी भांडायचं नाही. आत यायचं भोक आणि बाहेर जायचा फॅन शेजारी शेजारी असतील तर हवा जवळच्या वाटेने येऊन लगेच निघून जाते आणि मधले डबे तसेच तापत राहतात.

भोक केवढं? फॅनच्या तोंडाएवढं तरी हवंच. १२० मिलिमीटर फॅनचं गोल तोंड साधारण ११३ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे १२ गुणिले १० सेंटिमीटरची एक खिडकी पुरे. त्यावर जाळी बसवणार असाल आणि जाळीत निम्मंच उघडं असेल तर खिडकी दुप्पट करा. दाराखालची फट मोजा, ६० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ सेंटिमीटर फट असेल तर ६० चौरस सेंटिमीटर आयतेच मिळाले, ८० मिलिमीटरच्या फॅनला ते पुरतात, त्याचं तोंड साधारण ५० चौरस सेंटिमीटरच असतं, पण १२० ला अपुरे आहेत. केबलसाठी पाडलेलं भोक मोजताना केबलने भरलेली जागा वजा करा, बरेच जण इथे स्वतःची फसवणूक करून घेतात.

कपाट भिंतीला चिकटून असेल आणि फॅन मागच्या बाजूला लावायचा असेल तर कपाट निदान ५ सेंटिमीटर पुढे ओढा. नाहीतर फॅनने फेकलेली हवा भिंतीवर आपटून खालच्या भोकातून परत आत येते. मधली फळी आरपार असेल तर तिच्या मागच्या कडेला खाच द्या, म्हणजे खालच्या कप्प्यातली हवा वर जाऊ शकेल. डबे एकमेकांवर थेट ठेवू नका, खाली रबराचे पाय लावून दोन-तीन सेंटिमीटर सोडा, आणि सगळ्यात जास्त तापणारा डबा सगळ्यात वर.

बाहेर फेकणारा फॅन की आत ढकलणारा? मला विचाराल तर एकच फॅन असेल तर वरच्या बाजूला बाहेर फेकणाराच लावा, कारण गरम हवा साठते तिथूनच ती उचलली जाते. खूप धूळ असलेल्या घरात खालून फिल्टर लावून आत ढकलणारा फॅन बरा पडतो, मग हवा फटींमधून बाहेर जाते आणि धूळ फक्त फिल्टरवर बसते. पण फिल्टर वेळेवर धुणार असाल तरच हे करा. कन्सोलसारख्या उपकरणाला स्वतःचा फॅन असतो, तो गरम हवा कुठल्या बाजूने फेकतो ते बघा आणि तुमचा फॅन त्याच दिशेला असू द्या, समोरून झोत मारला तर दोघे एकमेकांना अडवतात.

पुढे जाण्याआधी तपासा: आतून टॉर्च लावून खोलीत अंधार करा. दार लावल्यावर उजेड कुठून कुठून बाहेर येतो ते दिसेल, हवा येण्याच्या खऱ्या जागा त्याच. ज्या फटी फॅनच्या अगदी जवळ आहेत त्या फोम टेपने बुजवा.

पायरी ३: किती हवा लागेल त्याचा हिशोब

एकच सूत्र लक्षात ठेवा. वॅट गुणिले ३, भागिले जेवढा तापमानाचा फरक चालेल तेवढे अंश. उत्तर येतं तासाला किती घनमीटर हवा लागेल ते. बॉक्सवर सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, दिलेलं असेल तर १ सीएफएम म्हणजे साधारण १.७ घनमीटर प्रति तास.

उदाहरण करून बघू. आत ६० वॅट आहेत आणि खोलीपेक्षा ८ अंश जास्त चालतील. ६० गुणिले ३ म्हणजे १८०, भागिले ८, म्हणजे २२.५ घनमीटर प्रति तास. सीएफएममध्ये साधारण १३. एवढंच! लोकांना वाटतं काहीतरी जबरदस्त वारा लागेल, पण घरगुती कप्प्याला फार थोडी हवा पुरते, फक्त ती सतत आणि योग्य वाटेने गेली पाहिजे.

आता बॉक्सवरचा आकडा. तो मोकळ्या हवेतला, पूर्ण स्पीडचा असतो. जाळी, फिल्टर, वाकडीतिकडी वाट आली की प्रत्यक्षात निम्मा धरा. आणि आपण तर फॅन हळू फिरवणार आहोत. स्पीड निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १५ डेसिबल म्हणजे ‘फॅन चालू आहे’ आणि ‘अरे चालू आहे का?’ यातला फरक. समजा १२० मिलिमीटरचा फॅन २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेरे) ६० सीएफएम देतो, म्हणजे १०२ घनमीटर. तो ९०० आरपीएमला चालवला तर सुमारे ४६ मिळतील, अडथळ्यांचे निम्मे कापले तर २३. वरच्या उदाहरणातले ६० वॅट सुटले आणि फॅन निम्म्याहून कमी वेगात आहे.

हेच काम ४० मिलिमीटरच्या चिमुकल्या फॅनकडून करून घ्यायचं तर त्याला कित्येक हजार आरपीएमला पळवावं लागतं आणि तो डासासारखा कानात वाजतो. म्हणून साइजचा नियम सरळ आहे: जागेत मावेल तेवढा मोठा घ्या. १४० किंवा १२० मावत असेल तर दुसरं काही बघूच नका. ९२ चालेल. ८० अगदी नाइलाज म्हणून, आणि त्याहून लहान फॅन शांततेसाठी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. नेहमीच्या फॅनची जाडी २५ मिलिमीटर असते, १५ मिलिमीटरचे बारीक फॅनही मिळतात पण ते अडथळ्यापुढे लवकर हार मानतात, जागा अगदीच नसेल तरच घ्या.

वॅट जास्त असतील तर एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन फॅन शेजारी शेजारी निम्म्या वेगात लावा. दोन सारखे फॅन मिळून आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि वेग निम्मा केल्याने १५ ने घटतो, म्हणजे तेवढ्याच हवेला निव्वळ १२ डेसिबलचा फायदा. फक्त आत यायच्या खिडकीचं मापही दोन फॅनचं धरा.

पायरी ४: बॉक्सवरचं काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं

डेसिबलचा आकडा एकाच कंपनीच्या दोन फॅनमध्ये तुलना करायला ठीक आहे. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नका, मोजायचं अंतर आणि पद्धत सारखीच असेल याची खात्री नसते. शिवाय आकड्यातून आवाजाची जात कळत नाही. हवेचा मऊ ‘हूऽऽ’ असा आवाज दहा मिनिटांत कान विसरतात, पण बारीक शिट्टी किंवा टिकटिक कितीही हळू असली तरी डोकं खाते.

त्याऐवजी हे बघा. कमीत कमी किती आरपीएमला फिरतो? ४००-५०० पर्यंत खाली येणारा फॅन हवा. ८००-९०० च्या आत चालणारा १२० चा चांगला फॅन दार बंद कप्प्यात असेल तर दोन मीटरवरून बहुतेकांना ऐकूच येत नाही. बेअरिंग, म्हणजे पात्यांचा आस ज्यात फिरतो तो भाग, कुठलं आहे? साधं स्लीव्ह बेअरिंग नवीन असताना शांत असतं, पण उष्णतेत लवकर झिजतं आणि फॅन आडवा, म्हणजे छताकडे तोंड करून लावला की अजूनच लवकर. बॉल बेअरिंग गरम जागेत टिकतं पण हळू वेगात त्याची बारीक खरखर ऐकू येते. तेलाच्या पातळ थरावर फिरणारं फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग आपल्या कामाला सगळ्यात बरं, शांतही आणि टिकाऊही.

फिल्टर किंवा दाट जाळी असेल तर ‘स्टॅटिक प्रेशर’, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलायची ताकद, जास्त असलेला फॅन घ्या, हा आकडा मिलिमीटर पाण्याच्या उंचीत दिलेला असतो. मोकळी खिडकी असेल तर त्याची काळजी नको. लायटिंगवाले फॅन सोडून द्या, कपाटाच्या फटीतून रात्रभर निळा उजेड नकोच.

पायरी ५: वीज कुठून द्यायची

कॉम्प्युटरचे बहुतेक फॅन १२ व्होल्टचे असतात, यूएसबीवाले ५ व्होल्टचे. दोन तारांचा फॅन साधा. तीन तारांमध्ये तिसरी वेग सांगणारी. चार तारांमध्ये चौथी वेग कमी-जास्त करणारी.

मोठी चूक इथे होते: चार तारांचा फॅन आणायचा, त्याला कंट्रोलर न लावता थेट १२ व्होल्ट द्यायचे आणि मग ‘फार आवाज करतो’ म्हणायचं. चौथी तार मोकळी असली की तो फॅन पूर्ण वेगाने पळतो. एकतर त्याच्यासोबत कंट्रोलर घ्या, नाहीतर दोन-तीन तारांचा फॅन घेऊन व्होल्टेज कमी करा.

माझी पसंती: १२ व्होल्टचा तीन तारांचा फॅन आणि व्होल्टेज बदलता येणारा छोटा ॲडॉप्टर, ज्यावर ५ ते १२ व्होल्टच्या पायऱ्या किंवा फिरवायचं बटण असतं. ७ व्होल्टला बहुतेक फॅन गपचूप आणि नीट फिरतात. १२ चा फॅन थेट ५ व्होल्टच्या यूएसबीला जोडला तर काही फिरतात, काही हाताने धक्का दिला तरच सुरू होतात. असा धक्का मागणारा फॅन वापरू नका, वीज जाऊन आली की तो गप्प उभा राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. यूएसबीवरच चालवायचा असेल तर मुळातच ५ व्होल्टचा बनवलेला घ्या.

टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून वीज घेणं सोपं वाटतं, पण बऱ्याच टीव्हींचा पोर्ट टीव्हीसोबत बंद होतो आणि राउटर मात्र चोवीस तास तापत राहतो. कन्सोल किंवा ॲम्प्लिफायर फक्त टीव्हीसोबतच चालत असेल तर हीच गोष्ट सोयीची. साधा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिॲम्पिअरचा असतो, फॅनच्या लेबलवरचा आकडा त्याच्या बराच आत असू द्या, सुरू होताना फॅन जास्त ओढतो.

सावधान: दोन-तीन तारांच्या फॅनच्या तारा जोडताना सहसा लाल प्लस, काळी मायनस. जुना ॲडॉप्टर वापरत असाल तर त्यावरचं पिनचं चिन्ह बघा, आतली पिन प्लस आहे का ते, आणि शक्यतो मीटरने तपासा. थेट मेन लाइनवर चालणारे धातूचे फॅन या कामाला नकोत, ते एका वेगात पळतात, आवाज करतात आणि उघड्या टर्मिनलला हात लागायची भीती वेगळी.

पायरी ६: बसवणं, आधी पुठ्ठ्यावर

प्लाय कापायच्या आधी पुठ्ठ्यावर करून बघा, ही पायरी कुणी करत नाही आणि नंतर चुकीच्या जागी पडलेलं भोक बुजवत बसतात. मागचं पॅनल काढा, त्याच मापाचा जाड पुठ्ठा लावा, त्यात फॅनचं आणि खालच्या खिडकीचं भोक ब्लेडने कापा, फॅन टेपने चिकटवा आणि दोन दिवस चालवा. तापमान मोजा. भोक दहा सेंटिमीटर सरकवलं तर काय होतं तेही बघा. समाधान झालं की तोच पुठ्ठा साचा म्हणून प्लायवर ठेवून खुणा करा.

मापं: १२० च्या फॅनला स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर, १४० ला १२४.५, ९२ ला ८२.५, ८० ला ७१.५. मधलं गोल भोक पंख्याच्या पात्यांच्या वर्तुळाएवढं, १२० साठी साधारण ११५ मिलिमीटर. भोक लहान राहिलं तर पात्यांसमोर लाकडाची कड येते आणि तिथूनच भणभण सुरू होते.

सावधान: कापताना सगळी उपकरणं कपाटाबाहेर. लाकडाचा भुसा बारीक असतो, डब्यांच्या जाळ्यांतून आत जातो.

दिशा: फॅनच्या कडेवर बाण असतो. नसेल तर लक्षात ठेवा, ज्या बाजूला मधला स्टिकर आणि त्याला धरणाऱ्या दांड्या दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

फॅन स्क्रूने लाकडावर थेट आवळू नका. पातळ प्लाय तबल्याच्या पुडीसारखं काम करतं, फॅनची न जाणवणारी थरथर घेऊन ती खोलीभर ऐकवतं. सिलिकॉनच्या ओढून बसवायच्या पिना मिळतात त्या वापरा, नाहीतर फॅनच्या चौकटीला सगळीकडून मऊ फोमची पट्टी लावा आणि स्क्रूखाली रबरी वॉशर घालून हलकेच आवळा, रबर चपटं होईल इतकं नाही. परीक्षा सोपी आहे: फॅन चालू असताना पॅनलवर तळहात सपाट दाबून धरा. गुणगुण कमी झाली तर आवाज फॅनचा नाही, पॅनलचा आहे.

बोटांसाठी जाळी लागतेच, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. तारेच्या गोल रिंगांची जाळी घ्या, भोकं पाडलेला पत्रा नको, तो हवा अडवतो आणि शिट्टी वाजवतो. हवा ओढायच्या बाजूला जाळी पात्यांना अगदी चिकटून असेल तर आवाज लगेच चढतो. हातात धरून करून बघा, जाळी पात्यांपासून हळूहळू लांब नेली की एक-दोन सेंटिमीटरवर तो खरखरीत सूर एकदम विरतो. तेवढा स्पेसर घाला. सगळ्या केबल टायने बांधून बाजूला घ्या.

भाड्याचं फर्निचर असेल, कापता येत नसेल तर मागचं पॅनल पूर्ण काढून ठेवा आणि त्या जागी पुठ्ठा किंवा पातळ फोमबोर्ड कायमचा राहू द्या, फक्त तो तापणाऱ्या डब्यांना टेकू देऊ नका.

पायरी ७: वेग ठरवणं

रात्री, घर शांत झाल्यावर, तुम्ही नेहमी बसता तिथे बसा. फॅन जास्त वेगावर सुरू करा आणि एकेक पायरी खाली आणा. कुठल्यातरी एका ठरावीक वेगाला कपाट अचानक गुणगुणतं आणि थोडं वर-खाली केलं की थांबतं, तो वेग टाळा. ऐकू यायचं बंद झालं की तिथे थांबा आणि दोन तासांनी तापमान बघा. फरक १० अंशांच्या आत असेल तर काम झालं. नसेल तर लगेच वेग वाढवू नका, आधी खालची खिडकी मोठी करा, फिल्टर बदला, डब्यांमधलं अंतर वाढवा. वेग हा शेवटचा उपाय.

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला फॅन आपोआप चालू-बंद करणारा स्विच, लावावा का? कन्सोलसारखं कधीतरीच तापणारं काही असेल तर लावा. चालू व्हायचं आणि बंद व्हायचं तापमान यात ४-५ अंशांचं अंतर ठेवा, उदाहरणार्थ ३८ ला चालू, ३३ ला बंद, नाहीतर दर दोन मिनिटांनी चालू-बंद होत राहील. हे बंदचं तापमान उन्हाळ्यातल्या खोलीच्या तापमानापेक्षा वर असू द्या, नाहीतर फॅन कधी थांबणारच नाही. थर्मोस्टॅटच्या मॉड्यूलमध्ये रिले (विजेवर हलणारा यांत्रिक स्विच) असेल तर त्याचा ‘टक्’ असा आवाज येतो, शांत खोलीत तो जाणवतो. फक्त राउटर आणि सेट टॉप बॉक्स असतील तर थर्मोस्टॅटच्या भानगडीत पडू नका, सतत हळू फिरणारा फॅन मधेच सुरू होणाऱ्या फॅनपेक्षा कमी जाणवतो. दोन तारांच्या फॅनला स्वस्तातला पल्सवाला, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून वेग कमी करणारा, स्पीड कंट्रोलर लावला तर मोटर स्वतःच किणकिणते, तिथे व्होल्टेज कमी करणाराच घ्या.

पायरी ८: शेवटची तपासणी

टिश्यू पेपरची बोटभर पट्टी फाडा आणि खालच्या खिडकीसमोर धरा, दार बंद असताना. पट्टी आत ओढली गेली पाहिजे. मग फॅनच्या मागे धरा, बाहेर उडाली पाहिजे. खिडकीशी पट्टी नुसती लटकत असेल तर हवा दुसऱ्याच कुठल्या फटीतून येतेय, पट्टी कपाटाभोवती फिरवून ती फट शोधा.

आवाज उरला असेल तर त्याची जात ओळखा. टिकटिक म्हणजे केबल किंवा जाळी पात्याला लागतेय. जाडसर गुणगुण म्हणजे पॅनल किंवा कपाटावर ठेवलेली एखादी वस्तू थरथरतेय. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज म्हणजे जाळी फार जवळ किंवा वाट अरुंद. बारीक शिट्टी म्हणजे वेग जास्त किंवा कंट्रोलर चुकीचा. करकर येत असेल आणि फॅन हातात धरल्यावरही येत असेल तर बेअरिंग गेलं, तिथे तेल-बिल घालत बसण्यात अर्थ नाही, फॅन बदला.

दोन-तीन महिन्यांनी फिल्टर धुवा आणि पूर्ण वाळवूनच परत लावा. पात्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढा, एका बाजूला जास्त धूळ बसली तरी तोल जाऊन थरथर सुरू होते. व्हॅक्यूम क्लीनर लावायचा असेल तर आधी प्लग काढा आणि पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने फॅन त्याच्या वेगाबाहेर फिरला की बेअरिंगला मार बसतो. सेन्सर कप्प्यातच राहू द्या आणि ऊन तापायला लागलं की एकदा आकडा बघा, थंडीत ठरवलेला वेग उन्हाळ्यात एखादी पायरी वर न्यावा लागू शकतो.